सोबत कोरी कॅसेट मोफत

३ सप्टेंबर २००७, भद्रावती

आजपासून वही लिहायची. रिटायर झालो तेव्हा दारूगोळ्याच्या फॅक्टरीतल्या पोरांनी शाल दिली, घड्याळ दिलं आणि भाषणात प्रत्येकाने माझ्या कानांचं कौतुक केलं. बाकी भाषण खोटं होतं, तेवढं खरं होतं. टेस्टिंगला असताना आमच्यात चहाची पैज लागायची. गोळा फुटला की नुसत्या आवाजावरून माल पास की फेल ते सांगायचं. कानावर लावायचे मफ मिळायचे, ते मी खुंटीला टांगून ठेवले. मफ घालून बारकावे काय कळणार? पैज मी क्वचितच हरलो. दुसऱ्यांचे चहा पीत पीत रिटायर झालो म्हणा ना.

आता नवा उद्योग. जुने अॅम्प्लिफायर, स्पीकर, टेपडेक इंटरनेटवर घ्यायचे, कानाने पारखायचे आणि जिथे कदर आहे तिथे विकायचे. प्रणितने, आमच्या चिरंजिवांनी, सुरतहून येऊन कॉम्प्युटर बसवून दिला. जाता जाता मोठ्याने म्हणाला, "बाबा, एकदा चंद्रपूरले जाऊन कान दाखवून या ना." कान दाखवा! बापाला शिकवायला निघाले. मी म्हटलं, "मी कानसेन हाओ बेटा, माझे कान मीच दुसऱ्याले दाखवतो." आणि साइटवर तेच नाव घेतलं, कानसेन.

१६ सप्टेंबर

तीन बाजार तपासले. त्यांची इंग्रजी नावं लिहीत बसत नाही, मी ठेवलेली नावं बरी.

पहिली लिलाववाली. माल न ऐकता बोली लावायची, पैसे आधी मोजायचे, डबा मागून कुरिअरने. पण व्यवहार झाला की दोघांनी एकमेकांना तारे द्यायचे आणि खाली शेरा लिहायचा. तो सगळ्या देशाला दिसतो. एक तारा पडला की माणूस उठला बाजारातून. ही शिस्त मला मानवली. दुसरी फुकटवाली. जाहिरात फुकट, म्हणून येणारेही फुकटे. 'लास्ट प्राइस?' एवढंच विचारतात आणि गायब होतात. फायदा एकच, घरी जाऊन ऐकून घेता येतं. तिसरी मंडळवाली. हौशी लोकांची आहे, ओळखीशिवाय आत घेत नाहीत, एकमेकांना सर म्हणतात आणि सरांचीच उणीदुणी काढतात. पण तिथे शब्दाला वजन आहे. मी दोनदा कानउघाडणी केली तर 'कानसेनकाका' म्हणायला लागले. त्यांनीच गळ घातली आहे की काका, या तिन्ही बाजारांची तुलना करणारा एक लेख लिहा. लिहिणार.

घरातल्या वस्तू मात्र एकेक बिघडत चालल्या. फोनचा नवा सेट टुकार. गिऱ्हाईक लिहितात, चार वेळा लावला, उचलला नाही. वाजला असता तर उचलला असता. आमची बायको वच्छला मात्र नेमकी त्याच वेळी फोनपाशी कशी सापडते, देव जाणे. कुकरची शिट्टीही गेली. मी ओट्याजवळ बसलेलो असताना भात करपला, आणि ही मलाच बोलली. काय बोलली ते कळलं नाही. हल्ली तिला पुटपुटायची खोड लागली आहे. समोर येऊन नीट बोलेल तर तोंड दुखेल.

७ ऑक्टोबर

लिलाववालीवरून स्पीकरची जोडी आली. विकणारा सिंदेवाहीचा मुखरू, झाडीपट्टीच्या नाटकांना साउंड लावतो. नाटकाच्या हंगामात मंडपात, एरवी जुने स्पीकरचे डबे दुरुस्त करून विकतो. त्याच्या नावापुढे सगळे पाचच तारे. मला तेव्हाच संशय आला होता.

लावले. तबला आला, डग्गा आला, वरचं काहीच नाही. घुंगरू नाही, झांज नाही. वरच्या पट्टीचा आवाज काढणारे दोन्ही बारके भोंगे मेलेले. दुसऱ्या अॅम्पवर लावले, तेच. माझ्या जुन्या जपानी टेपडेकवर तीन वर्षांपूर्वी हेच झालं होतं, म्हणून तर तो वच्छलाला भजनं ऐकायला देऊन टाकला. हल्ली कुठल्याच वस्तूत वरचा सूर राहिलेला नाही. सगळा देश भेसळीवर चालला आहे.

मुखरूला एक तारा दिला. शेरा: 'मेलेला माल विकतो. सावध.' मंडळवालीवरही टाकलं. अर्ध्या तासात लोकांनी आभार मानले.

१४ ऑक्टोबर

मुखरू आला. एसटीने. दारात चपला काढून उभा, हातात नाटकाच्या गाण्यांची कॅसेट. काळा, उंच, घोगऱ्या आवाजाचा माणूस, त्याचं बोलणं तरी नीट कळतं.

"भाऊ, तो एक तारा काढा ना. सीजन तोंडावर आला. वडश्याचे नाटकवाले आता कॉम्प्युटरवर पायते, मंग बोलावते."

"माल चांगला द्यायचा होता मंग."

"मी तुमच्यासमोर वाजवून दाखवतो. नाई वाजला तं पैसे वापस देतो."

हातच्या कांकणाला आरसा कशाला! वाजव म्हटलं. त्याने लावणी लावली. ढोलकी धडधडली, बाकी वर अंधार. मी त्याच्याकडे पाहून हसलो. तेवढ्यात वच्छला चहा घेऊन आली आणि ट्रे हातात धरून उभीच राहिली. मग माझ्या जवळ येऊन मोठ्याने म्हणाली, "वाजून राह्यले ना घुंगरू. किती सुंदर वाजून राह्यले."

मुखरूने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. गाणं बंद केलं. "भाऊ," तो एकदम हळुवार झाला, "डब्बे चांगले हायेत. राग नका मानू, पन तुमचे कान..." वच्छलाने मान हलवून त्याला गप्प केलं. मी पाहिलं ते. आंधळा नाही मी. सिंदेवाही तिचं माहेर, हा तिच्या गावचा. माहेरच्या कुत्र्याचंही बायकांना कौतुक असतं.

म्हटलं, "डबे उचल, पैसे ठेव आणि चालता हो." त्याने पैसे ठेवले. डबे एकट्याने उचलून स्टँडवर घेऊन गेला. चहा तसाच राहिला. तारा मात्र मी काढला नाही. चोराने माल परत केला म्हणून चोरी माफ होत नाही.

१० नोव्हेंबर

दिवाळीला प्रणित, सूनबाई रीता आणि नात पायल आली आहेत. पायल तीन वर्षांची झाली. दिसायला गोड आहे, पण एक गोष्ट मला फार लागली आणि ती मी लपवणार नाही. पोर बोलत नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहते, हात हलवते, तोंडाची उघडझाप करते, मान डोलावते. शब्द नाही. माशासारखं चाललेलं असतं. बाकीचे सगळे तिच्याकडे पाहून हसतात आणि टाळ्या वाजवतात. आईबापांनी पोरीचं व्यंग झाकावं तरी किती!

मी मागून जाऊन तिच्या कानाशी जोरात टाळी वाजवली. दचकली, आणि भोकाड पसरलं. ते मला चांगलं ऐकू आलं. म्हणजे कान ठीक, रडता येतं, बोलता येत नाही. टेस्टिंगच्या माणसाला निदान करायला वेळ लागत नाही.

१२ नोव्हेंबर

गेली सगळी. भाऊबीजेच्या दिवशीच.

काल फराळाला वच्छलाचा भाऊ, शेजारची मंगलीबाई, फॅक्टरीतले दोघे असे सगळे बसले होते. पायल पुन्हा माझ्यासमोर येऊन तोंड हलवायला लागली. मी सरळ सांगितलं, पोरगी मुकी आहे, हिला वेळेवर शाळेत घाला, चंद्रपूरला तशी शाळा आहे, मी चौकशी करून ठेवली आहे. रीता ओरडली, म्हणून कळलं काय म्हणते ते. "मामाजी, ते तुमाले गाणं म्हणून दाखवून राह्यली! कालपासून चौथ्यांदा!"

मी म्हटलं, "तोंड हलवलं म्हंजे गाणं नाई होत. तुमच्या घराण्यात कोनी मुकं होतं काय, ते आदी सांगायले पायजे होतं लग्नात."

एवढंच बोललो. खरं बोललं की सख्ख्यांनाही झोंबतं. रीताने पोरीला कडेवर घेतलं आणि खोलीत जाऊन पिशव्या भरल्या. प्रणितने माझ्या तोंडासमोर तोंड आणून एकेक शब्द सांगितला, "आमी आता इथी येणार नाई, बाबा." निघताना पायल माझ्याकडे वळून पुन्हा काहीतरी तोंड हलवत होती. मला वाईट वाटलं. माझीच नात आहे. रात्री घास गेला नाही.

२ डिसेंबर

यंदा रातकिडे नाहीत. मागच्या झाडीत एवढा किर्र आवाज असायचा की झोप लागायची नाही. पाखरंही बोलत नाहीत. चोच उघडतात आणि बसून राहतात. हे कोळशाच्या धुळीने झालं आहे. या विषयावर वर्तमानपत्राला लिहायला पाहिजे.

२२ डिसेंबर

सुरतहून पाकीट आलं, वच्छलाच्या नावे. आत एक कॅसेट, वर चिठ्ठी चिकटवलेली, 'पायल'. मुक्या पोरीची कॅसेट! हसावं की रडावं. प्रणित आईची समजूत काढतो आहे, दुसरं काय.

आता रोज दुपारी भांडी आटोपली की ही त्या जपानी डेकपुढे पाट घेऊन बसते. पदर तोंडाला. कधी हसते, कधी डोळे पुसते, कधी मान डोलावते, संपली की उलटी करून पुन्हा लावते. मी दारात उभं राहून ऐकलं. काही नाही. कोऱ्या टेपपुढे बसून रडणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. एकदा मलाही हात धरून नेलं आणि पाटावर बसवलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हटलं, "घरघर हाये नुसती. मोटर गेली असन." तिने हात सोडला. त्यानंतर बोलावलं नाही.

१९ जानेवारी २००८

लेख टाकला: 'जुनं कुठे घ्यावं, कुठे विकावं'. थोडक्यात असं. घेताना लिलाववाली, कारण ताऱ्यांचा धाक. विकतानाही लिलाववाली, पण आपले तारे आधी जमवून. फुकटवाली फक्त अडगळ काढायला. मंडळवाली नाव कमवायला. आणि शेवटी लिहिलं की यंत्रावर, चित्रावर, विकणाऱ्याच्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवू नका, फक्त स्वतःच्या कानावर ठेवा. लोक खूष. एकाने लिहिलं, काका, तुमच्यामुळे एक भामटा उघडा पडला.

भामटा म्हणजे मुखरू. आज वच्छलाच्या भावाचं पत्र आलं, त्यात मजकूर आहे. वडश्याच्या मंडळीने यंदा मुखरूला घेतलं नाही, 'इंटरनेटवर बदनाम माणूस' म्हणून. त्याने साउंड विकून टाकला आणि आता तळ्यावर मजुरीने मासे धरतो. वच्छला ते पत्र घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी म्हटलं, करावे तसे भरावे. ती पत्र चुलीत घालून निघून गेली.

११ फेब्रुवारी

मंडळवालीवर एक जण आपल्याकडे आहे तसाच जपानी डेक शोधतो आहे आणि लोक त्याला सांगत आहेत की तो आता मिळणं नाही. म्हणजे वस्तूला भाव आला, आणि ती पडली आहे आमच्या स्वयंपाकघरात, कोऱ्या टेपा ऐकायला! गाढवाला गुळाची चव काय.

विकतो. मंडळवालीवर नाही, तिथे प्रश्न फार विचारतात. लिलाववालीवर 'चालू स्थितीत, सोबत कोरी कॅसेट मोफत' एवढंच लिहिलं. वरचा सूर गेलेला आहे हे लिहिलं नाही. विकताना सगळं सांगायचं नसतं. मुखरूने सांगितलं होतं का मला?

१७ फेब्रुवारी

भाच्याच्या लग्नाला वच्छला आज सिंदेवाहीला गेली. मी नाही गेलो, तिथे तो मुखरू असणार. निघताना ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डेककडे बोट दाखवत काहीतरी बरंच लांबलचक बोलली, दोनदा बोलली. मी हो हो म्हटलं. हो म्हटलं की बायका लवकर निघतात.

१८ फेब्रुवारी

डेक गेला. सोलापूरच्या एका मास्तरांनी बोली जिंकली.

पाठवायच्या आधी वाजवून पाहिला, माझ्यावर बट्टा नको. आत तीच कॅसेट होती. आवाज पूर्ण सोडला. खाली घर्र, आणि कोणी गोधडीत तोंड घालून हुंकारावं तसं काहीतरी. बस. पूर्ण आवाजावर! तेवढ्यात मंगलीबाई कुंपणाशी येऊन हात हलवायला लागली, चेहरा फुललेला. मी बाहेर गेलो तर ओरडून विचारते, "भाऊ, पायल आली काय? कवा आली?" म्हटलं, नाई. तरी माझ्या खांद्यावरून घरात डोकावत राहिली. कशावरून वाटलं हिला, कोण जाणे. लोकांना दुसऱ्याच्या घरात डोकावायला निमित्त पाहिजे.

कॅसेटवरची 'पायल' ही चिठ्ठी जपून सोलून काढली आणि कॅसेट डेकमध्येच ठेवली. जाहिरातीत लिहिलं होतं, 'सोबत कोरी कॅसेट मोफत'. गिऱ्हाइकाला तेवढंच बरं वाटतं. डबा कुरिअरला दिला.

२३ फेब्रुवारी

सोलापूरच्या मास्तरांचा निरोप आला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, वाचायला त्रास होतो. उतरवून ठेवतो:

'काका, डेक अप्रतिम आहे. वरचे सूर तर काचेसारखे. पण सोबतची कॅसेट कोरी नाही. त्यात एक लहान मुलगी गाणं म्हणते, मग आजीला विचारते, मी येऊ काय तुह्याकडे, मग नुसती हसत राहते. शेवटी म्हणते, आजोबा, आता आलं काय ऐकू? इतकं स्पष्ट आहे की आमच्या घरातले सगळे येऊन बसले. चुकून आली असावी. परत पाठवू का? पोस्टाचा खर्च माझा.'

मी दोनदा वाचलं. मग माझ्या लक्षात आलं.

'आता आलं काय ऐकू.' हे शब्द कुणाचे, हे ओळखायला कानसेन लागत नाही. सप्टेंबरपासून प्रणितचं हेच एक पालुपद आहे. आधी स्वतः बोलला, मग मुखरूच्या तोंडून वदवलं, आता सोलापूरच्या मास्तराला गाठलं. त्याला या साइटचं सगळं कळतं, हा कॉम्प्युटर त्यानेच बसवला. मुकी पोर गाणं म्हणते म्हणे! पूर्ण आवाजावर मी स्वतः ऐकलेली टेप, आणि हे मला सांगणार की तीत माणूस आहे. सगळे मिळून म्हाताऱ्याला वेडा ठरवायला निघाले आहेत.

उत्तर लिहिलं: 'टेप कोरी होती. त्यात काही असेल तर ते माझं नाही. परत पाठवू नका. पुसून वापरा.'

२४ फेब्रुवारी

मास्तरांचं उत्तर. 'बरं काका. पुसायला जिवावर आलं. घरात सगळे नको म्हणत होते, पण तुमची वस्तू, तुमचा शब्द. काल संध्याकाळी पुसली. आता तिच्यावर शाळेची प्रार्थना भरली आहे.' आणि मला पाच तारे दिले आहेत.

माणूस प्रणितच्या नादी लागला असला तरी सरळ निघाला. सांगितलेलं ऐकतो. मीही त्याला पाच तारे दिले. शेरा: 'व्यवहार चोख.'

२५ फेब्रुवारी

वच्छला उद्या दुपारच्या गाडीने येते. मी एवढाही कठोर नाही. माळ्यावरचा जुना टू-इन-वन खाली काढला, पुसला आणि तिच्या पाटासमोर ठेवला. बाजारातून एक नवी कोरी कॅसेट आणली, चांगल्या कंपनीची. सोलून ठेवलेली 'पायल'ची चिठ्ठी तिच्यावर डिंकाने नीट चिकटवली, कडाही वर आल्या नाहीत. लावून पाहिली. तीच घरघर. तिला फरक कळायचा नाही.